हाताखालच्या माणसाची बुद्धी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 आजचा विषय माझा नाही. तो आपल्या चिटणीससाहेबांनी ठरवून दिला. 'नोकरमाणसांच्या अंगची कल्पकता कामात कशी उतरावी?' असा तो विषय. मी त्यांना म्हटले, "साहेब, मी शाळामास्तर. कारखानदारीतले मला काय कळणार?" ते म्हणाले, "सर, कारखानदार बोलायला उभा राहिला तर कामगार जांभया देतील, आणि कामगार बोलला तर कारखानदार घड्याळ पाहतील. तुमच्या वर्गात दोघांचीही मुले शिकली आहेत. तेव्हा दोघेही गप्प बसून ऐकतील."

युक्तिवाद बिनतोड होता. म्हणून आज मी येथे उभा आहे.

समोर नजर टाकली तर चिटणीससाहेबांचे म्हणणे खरेच आहे. उद्यमबागेत फाउंड्री चालविणारे येथे आहेत आणि त्याच फाउंड्रीत भट्टीपुढे उभे राहणारेही आहेत. वडगाव-खासबागेत यंत्रमाग असलेले आहेत, आणि दुसऱ्याच्या मागावर पाळी करणारेही आहेत. दुकानदार आहेत, बँकेत काम करणारे आहेत, परिचारिका भगिनी आहेत. कोणी कोणाच्या हाताखाली आहे, आणि बहुतेकांच्या हाताखाली कोणी ना कोणी आहे. तेव्हा मी जे बोलणार आहे ते सर्वांनाच थोडेथोडे लागू पडेल. मला स्वतःला ते सर्वांत अधिक लागू पडते, हे पुढे कळेलच.

प्रथम आपल्या गावाचीच एक गोष्ट घेऊ. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव येथे कोणाला सांगावयास नको. ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलण्यात आले, आणि ते नोकरी सोडून बेळगावला आले. येथे त्यांच्या भावाबरोबरचे सायकलींचे दुकान होते. किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ या दुकानापासून, म्हणजे १८८८ पासून, धरतात. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले, मग लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत असल्याने आरंभी शेतकरी त्या नांगराला हात लावीनात. तरी ते चिकाटीने लागून राहिले, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली.

ही गोष्ट आपण एका पुरुषाच्या पराक्रमाची म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु मी पडलो मास्तर. मला ती दुसऱ्या बाजूने दिसते. नांगर घडविणारी बुद्धी त्या शिक्षकाच्या अंगी नोकरीत असतानाही होतीच की! बेळगावच्या हवेत ती एकाएकी उगवली नाही. तिला वाव हवा होता, तो मिळाला नाही. संस्थेने जागा भरली आणि माणूस गमावला. आता मनात असा प्रश्न येतो की, लक्ष्मणरावांपाशी बाहेर पडण्याचे धैर्य होते आणि भावाचे दुकान होते. ज्यांच्यापाशी ही दोन्ही नाहीत, ज्यांना दर महिन्याच्या पगाराची गरज आहे, अशी माणसे काय करतात? ती जागेवरच राहतात. फक्त डोके घरी ठेवून कामावर येऊ लागतात. या माणसांविषयी मला आज बोलावयाचे आहे.

कामगाराला विचारावे, ही कल्पना काही नवी नाही. स्कॉटलंडमध्ये डंबार्टन येथे विल्यम डेनी यांचा जहाजे बांधण्याचा कारखाना होता. तेथे १८८० मध्ये, काम सुधारण्याची युक्ती सुचविणाऱ्या कामगारांना बक्षीस देण्याची पद्धत सुरू झाली. अमेरिकेतील कोडॅक या कॅमेऱ्याच्या कंपनीने १८९८ मध्ये सूचना मागविण्यास आरंभ केला. तेथे पहिले बक्षीस दोन डॉलरचे होते, आणि ते मिळविणाऱ्या कामगाराची सूचना काय होती म्हणता? कारखान्याच्या खिडक्या धुवाव्यात, म्हणजे आत उजेड येईल! मला ही सूचना फार आवडते. तिच्यात शोध असा काहीच नाही. पण अंधुक उजेडात दिवसभर डोळे ताणणाऱ्या माणसालाच ती सुचते. काचेच्या केबिनमध्ये बसणाऱ्याला ती सुचणार नाही, कारण त्याची काच रोज पुसली जाते.

आपल्या देशातही कामगारांच्या उपयुक्त सूचनांचा गौरव करण्यासाठी केंद्र सरकारने १९६५ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार सुरू केले. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने तर कारभारात कामगारांच्या सहभागाचे तत्त्व राज्यघटनेतच, कलम ४३-अ म्हणून, घातले गेले. म्हणजे तत्त्वाला कोणाचाच विरोध नाही. सूचनापेट्या तर जागोजागी टांगलेल्या आहेत. तरीही माणसे बोलत नाहीत. असे का व्हावे?

याचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही. ते एका शिपायाने दिले. ती हकीकत सांगताना आजही मान खाली जाते, पण ती सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

मी पूर्वी एका शाळेत पर्यवेक्षक होतो. शाळेचे नाव सांगत नाही, कारण चूक शाळेची नव्हती, माझी होती. नवा अधिकार, नवा उत्साह. मी कार्यालयाबाहेर एक सुंदर सूचनापेटी टांगली. कुलूप लावले, किल्ली खिशात ठेवली. दोन महिन्यांनी समारंभपूर्वक उघडली तेव्हा आत तीन चिठ्ठ्या निघाल्या. एकीत शनिवारी सुट्टी असावी अशी सूचना होती, दुसरीत एका शिक्षकाचे व्यंगचित्र होते, आणि तिसरी कोरी होती. मी हसलो आणि मनाशी म्हणालो, 'पाहा, आपल्या लोकांना सुचतच नाही.'

त्याच पावसाळ्यात आमचे शिपाईमामा एके दिवशी माझ्या दारात येऊन उभे राहिले. टोपी काढून म्हणाले, "सर, मागच्या जिन्यावर पन्हळीचं पाणी पडतंय. पायऱ्या शेवाळल्यात. पन्हळीचं तोंड विहिरीकडं वळवलं तर पाणी जिन्यावर येणार नाही. पत्र्याचा तुकडा माझ्याकडं पडून आहे. सांगितलंत तर उद्या सकाळी करतो."

मी हजेरीपत्रके तपासत होतो. मान वर न करता म्हणालो, "बघू."

बंधुभगिनींनो, 'बघू' हा आपल्या भाषेतला फार सोयीचा शब्द आहे. त्यात नकार नाही, म्हणून समोरच्याला भांडता येत नाही. होकार नाही, म्हणून आपल्यावर काही बंधन येत नाही. आपण तो दिवसातून दहा वेळा उच्चारतो आणि विसरून जातो. ज्याला तो ऐकावा लागतो तो मात्र विसरत नाही.

तीन आठवड्यांनी पाचवीतली एक मुलगी त्या पायऱ्यांवरून घसरली. तिचे मनगट मोडले. तिला दवाखान्यात पोहोचवून, तिच्या आईसमोर तोंड लपवून मी परत आलो, आणि रागाने, आपल्याच अपराधाचा राग दुसऱ्यावर काढतात तशा रागाने, मामांना म्हणालो, "तुम्ही मला पुन्हा का नाही आठवण केलीत?"

मामा शांतपणे म्हणाले, "सर, एकदा सांगितलं ते काम म्हणून. दुसऱ्यांदा सांगितलं तर साहेबाला शिकवतोय असं होतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पन्हळ वळविली. अर्धा तास लागला. खर्च शून्य.

या एका वाक्याने मला जे कळले ते एवढेच की, माणसाला सुचत नाही हे खोटे. त्याला सुचते, तो एकदा सांगून पाहतो, आणि त्या पहिल्या वेळी आपण जे तोंड करतो त्यावरून पुढची वीस वर्षे बोलावयाचे की नाही हे तो ठरवितो. आणि ती माझी पेटी! मामांना चार ओळी लिहिताना घाम फुटे. ज्याला पन्हळ वळविता येते त्याला अर्ज लिहिता आला पाहिजे, अशी अट मीच त्या पेटीच्या रूपाने घातली होती.

आता मी आपल्याला थोडे दूर, जपानात, नेणार आहे. वाट मात्र आपल्या वडगावच्या मागांवरूनच जाते.

आमचे घर विणकरांचे. अब्बांचा माग घरातच होता, त्यामुळे धोट्याच्या आवाजातच आमचा अभ्यास झाला. मागावर बसणाऱ्याचे सारे लक्ष एका गोष्टीवर असते. धागा तुटला की माग थांबला पाहिजे. ताण्याचा एक धागा तुटला आणि माग तसाच चालू राहिला, तर हातभर कापड वाया जाते. जपानमध्ये साकिची टोयोडा नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. १८६७ मध्ये सुताराच्या घरी त्यांचा जन्म झाला. आई माग चालवी. तिचे कष्ट पाहूनच त्यांनी माग सुधारण्याचा ध्यास घेतला. १९२४ मध्ये तयार झालेला त्यांचा स्वयंचलित माग असा होता की, धागा तुटताच तो आपोआप थांबे. त्यामुळे एका माणसाला अनेक माग सांभाळता येऊ लागले. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या नामांकित कंपनीने या मागाचे हक्क विकत घेण्याचा करार केला. पुढे या घराण्याने मोटारींचा कारखाना काढला. तीच आजची टोयोटा कंपनी.

मागावरून मोटारीकडे जाताना त्यांनी बरोबर नेलेली शिदोरी पाहण्यासारखी आहे. 'चूक दिसली की थांबायचे' हा मागाचा नियम त्यांनी माणसाला दिला. मोटारी जोडण्याच्या रांगेत उभ्या असलेल्या साध्या कामगाराच्या डोक्यावर एक दोरी असते. आपल्या हातून किंवा आधीच्या हातून काही चुकले आहे असे वाटताच त्याने ती ओढावयाची. लगेच त्याचा पुढारी धावत येतो, आणि तेवढ्यात अडचण सुटली नाही तर रांग थांबते. सर्वांत खालच्या माणसाला कारखाना थांबविण्याचा अधिकार! आपल्याकडे शिपायाने घंटा दोन मिनिटे उशिरा दिली तर आपण खुलासा मागतो.

दुसरी शिदोरी त्यांनी अमेरिकेतून आणली. १९५० मध्ये एईजी टोयोडा फोर्डचा कारखाना पाहून आले. कामगारांकडून सूचना मागविण्याची तेथील पद्धत त्यांना पसंत पडली, आणि १९५१ पासून त्यांनी ती आपल्याकडे लागू केली. फरक एवढाच केला की, मोठ्या शोधाची वाट पाहावयाची नाही. कामाच्या जागेवरची लहानशी अडचण, हत्यार ठेवण्याची जागा, वाकून करावे लागणारे काम, हेच विचारावयाचे, आणि जमल्यास त्याच माणसाकडून ते दुरुस्त करून घ्यावयाचे.

कोणी म्हणेल, 'ते जपानी लोक. त्यांची शिस्त वेगळी, रक्त वेगळे.' म्हणून पुढची हकीकत मुद्दाम सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात फ्रीमाँट येथे जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. त्याची अपकीर्ती फार. पाच माणसांतला एक रोज गैरहजर. मालक-कामगारांत उभा दावा. माल सदोष. १९८२ मध्ये कंपनीने कारखाना बंदच केला. पुढे टोयोटाशी भागीदारी करून १९८४ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. नवी माणसे कोठून आणणार? बहुतेक कामगार जुनेच घेतले. तीच संघटना, तेच हात, ज्यांना लोक वाया गेलेले म्हणत. आणि थोड्याच वर्षांत तेथील मोटारी जपानी मोटारींच्या तोडीच्या निघू लागल्या. गैरहजेरी अगदी नाममात्र उरली.

असे काय बदलले? आधी शे-पाऊणशे इंजिनियर हातात घड्याळ घेऊन कामगाराच्या मागे उभे राहत आणि कोणते काम किती सेकंदांत व्हावे हे ठरवीत. नव्या कारभारात ते घड्याळ कामगाराच्याच हातात दिले. चार-सहा जणांच्या तुकडीने आपले काम आपणच मोजावे, आपणच सुधारावे, आणि सुधारलेली रीत लिहून ठेवावी, म्हणजे दुसऱ्या पाळीलाही ती मिळेल. १९९१ या एका वर्षात तेथील कामगारांनी १०,००० हून अधिक सूचना केल्या, आणि त्यांतील बहुतेक अमलात आल्या.

आणखी एक गोष्ट घडली, आणि माझ्या मते खरे मर्म तिच्यात आहे. १९८७-८८ च्या सुमारास तेथील मोटारींची मागणी घसरली. पूर्वीच्या काळी अशा वेळी माणसे कमी केली जात. या वेळी कोणालाही काढले नाही. रिकाम्या वेळात त्यांना शिक्षण दिले आणि कामातल्या अडचणी सोडविण्यास बसविले. हे लक्षात घ्या. आपल्या युक्तीने चार माणसांचे काम तीन माणसांत होते हे ज्याला कळले आहे, पण चौथा माणूस कोण ठरणार हे कळलेले नाही, तो शहाणा असेल तर तोंड मिटूनच बसेल. त्याला आपण 'कल्पनाशून्य' म्हणतो. तो कल्पनाशून्य नाही. तो चार मुलांचा बाप आहे.

अर्थात ही काही जादूची कांडी नाही. फ्रीमाँटचा तो संयुक्त कारखाना २०१० मध्ये बंद झाला. कामगार बिघडले म्हणून नव्हे. त्याच्या आदल्याच वर्षी जनरल मोटर्सने भागीदारीतून अंग काढून घेतले होते. आपल्या जवळचेही उदाहरण आहे. १९९७ मध्ये त्याच टोयोटाने आपल्या किर्लोस्करांशी भागीदारी करून बंगळुरूजवळ बिडदी येथे कारखाना काढला. जपानचा माग आणि बेळगावचा नांगर असे एका मांडवात आले! पण तेथेही मार्च २०१४ मध्ये पगाराच्या वाटाघाटी अडल्या आणि टाळेबंदी झाली. यावरून घ्यावयाचा धडा सरळ आहे. विचारणे हा पगाराला पर्याय नव्हे. 'तुझी अक्कल दे, वाढीचे नंतर बघू' असे म्हणणाऱ्याचा पहिला 'बघू' आणि दुसरा 'बघू' एकाच वहीत मांडला जातो, आणि ती वही कामगार जपून ठेवतो.

आता भीतीविषयी दोन शब्द. १९५० मध्ये जपानात जाऊन कारखानदारांना गुणवत्तेचे धडे देणारे अमेरिकन शास्त्रज्ञ डेमिंग यांनी पुढे कारभाराची चौदा सूत्रे सांगितली. त्यांतील एक सूत्र केवळ भीती घालविण्याविषयी आहे. संख्याशास्त्राच्या माणसाला भीतीचा विचार का करावा लागला असेल? कारण भ्यालेला माणूस खोटे आकडे देतो.

हार्वर्ड विद्यापीठाच्या एमी एडमंडसन या विदुषींनी रुग्णालयांतील पथकांचा अभ्यास केला. तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. चांगल्या पथकांत औषध देण्याच्या चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा. हाती आले उलटे! ज्या पथकांचा कारभार उत्तम, त्यांच्याच चुकांची नोंद अधिक. खोलात शिरल्यावर उलगडा झाला. चांगल्या पथकांत चुका अधिक होत नव्हत्या, त्या अधिक सांगितल्या जात होत्या. इतर ठिकाणी त्या झाकल्या जात होत्या. मी हे वाचले आणि मला माझे वर्ग आठवले. ज्या वर्गात मुले 'सर, समजले नाही' असे वारंवार म्हणतात, तो वर्ग ढ नव्हे. ढ वर्गात तर शांतता असते, आणि तपासणीस आला की त्या शांततेलाच शिस्त म्हणून शेरा मिळतो.

तेव्हा करावे काय? मी उपदेशक नाही. पन्हळीच्या प्रसंगानंतर मी काय केले तेवढे सांगतो, आणि त्यात आपल्या उपयोगाचे असेल ते आपण घ्यावे.

पहिली गोष्ट, मी पेटी उतरविली. तिच्या जागी दर शनिवारी शाळा सुटल्यावर पाव तास शिपाई, सफाईच्या बाई, कारकून आणि मी असे व्हरांड्यात बसू लागलो. खुर्च्या सर्वांना सारख्या. चहा माझ्या पैशांनी. 'काही सुचते का?' असा प्रश्न विचारला तर लोक एकमेकांकडे पाहतात, हे पहिल्याच शनिवारी कळले. म्हणून प्रश्न बदलला. 'या आठवड्यात कोणत्या कामाने सर्वांत जास्त वैताग आणला?' या प्रश्नाला मात्र सर्वांपाशी उत्तर असते. वैताग हाच सुधारणेचा कच्चा माल आहे.

दुसरी गोष्ट, 'बघू' हा शब्द मी स्वतःला बंद केला. त्याच्या जागी तीनच उत्तरे. 'करा', 'अमक्या तारखेला सांगतो', आणि 'नाही, कारण असे.' यांतील तिसरे उत्तर देणे सर्वांत जड जाते, पण त्याने कोणी दुखावत नाही, हा माझा अनुभव आहे. कारणासह मिळालेला नकार माणसाला मान देतो. उत्तर न मिळणे हाच अपमान.

तिसरी गोष्ट, ज्याची कल्पना त्याच्याच हातून ती करवून घ्यावी, आणि बिघडली तर बिघडू द्यावी. आमच्या सफाईच्या बाईंनी फडके आणि बादल्या ठेवण्याची एक नवी तऱ्हा सुचविली. ती पंधरा दिवसांत फसली. मी काही बोललो नाही. त्यांनीच तिसऱ्या आठवड्यात ती बदलून दुसरी केली, आणि ती टिकली. पहिल्या फजितीला मी हसलो असतो तर दुसरी तऱ्हा निघालीच नसती.

चौथी गोष्ट श्रेयाची. वरिष्ठांसमोर 'आम्ही असे केले' असे म्हणण्याचा मोह आपल्या सर्वांना होतो. मी एक फळा लावला आणि त्यावर सुधारणा व तिच्यापुढे नाव लिहू लागलो. बक्षिसाला माझ्यापाशी पैसे नव्हते. पण आपले नाव खडूने लिहिलेले पाहण्यासाठी एक शिपाई आपल्या नातवाला घेऊन आला होता, हे मी विसरू शकत नाही.

मामांची गोष्ट मात्र तेवढ्याने सुटली नाही. ते व्हरांड्यात येत, चहा घेत आणि गप्प बसत. जवळजवळ एक वर्ष त्यांनी तोंडातून अवाक्षर काढले नाही. बाकीचे बोलत, मामा ऐकत. मी जे तीन आठवड्यांत मोडले होते ते सांधायला बावन्न शनिवार लागले. विश्वासाचे हाडसुद्धा मनगटासारखेच असते. मोडायला क्षण पुरतो.

आणि एके दिवशी ते बोलले. दुपारच्या जेवणाआधी मुले हात धुण्यास दोन नळांपुढे लांब रांग करीत. धक्काबुक्की होई, आणि निम्मी मुले हात न धुताच जेवायला पळत. मामा म्हणाले, "सर, एक लांब पाइप आडवा बसवू. त्याला वीतभर अंतरानं भोकं पाडू. एक कॉक उघडला की दहा पोरं एकदम हात धुतील." मी म्हणालो, "करा." त्यांनी प्लंबर गाठला, मोडीतला पाइप मिळविला, उंची मोजण्यासाठी पहिलीतल्या मुलालाच उभे केले. पाच दिवसांत काम झाले. त्यानंतर रांग दिसली नाही. हे यंत्र जगात नवे होते असे मी म्हणत नाही. इतर शाळांतही असे पाइप आहेत. पण आमच्या शाळेला ते कोणा तज्ज्ञाने दिले नाही, आमच्याच माणसाने दिले. एक 'बघू' झाला नसता तर तो पाइप वर्षभर आधी बसला असता.

कोणी विचारील, 'सर, प्रत्येकाचे ऐकत बसलो तर काम कधी करावयाचे?' माझे उत्तर असे, की आठवड्यातून पाव तास. यापेक्षा अधिक वेळ आपण हरवलेल्या किल्ल्या शोधण्यात घालवितो. दुसरे कोणी म्हणेल, 'अशाने नोकर डोक्यावर बसतील.' मला तसा अनुभव आला नाही. ज्याला विचारले जाते तो कामाला आपले म्हणतो, आणि आपल्या कामात कोणी कुचराई करीत नाही. हाताखाली काम करणाऱ्या बंधूंनाही मला एक विनंती करावयाची आहे. तक्रार आणताना जमेल तर बरोबर पत्र्याचा तुकडाही आणा. 'पाणी पडते' एवढेच न सांगता 'असे वळविले तर पडणार नाही' हेही सांगा. आणि एकदा 'बघू' ऐकलेत तरी दुसऱ्यांदा सांगण्याचा हक्क सोडू नका. त्या पायऱ्यांवरून कोणाचे तरी मूल उतरणार असते.

शेवटी विश्वस्त मंडळींपुढे एक नम्र सूचना ठेवतो. आपण मलाच विषय दिलात, तेव्हा त्याचा पहिला प्रयोग आपल्यावर करण्याची मुभा घेतो. पन्नास वर्षांत या ट्रस्टने शाळा चालविली, दवाखाना चालविला, गरीब मुलांसाठी वसतिगृह चालविले. देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरलेली आपण येताना पाहतो, आणि ती तेथे असावीत. परंतु वसतिगृहात पहाटे चारला चूल पेटविणाऱ्या बाईंना आपण कधी विचारले आहे का, की या स्वयंपाकघरात काय बदलावे? दवाखान्यात रोज शंभर रुग्णांचे कागद शोधणाऱ्या भाऊंना विचारले आहे का? त्यांच्यापाशी पन्नास वर्षांचे उत्तर साठलेले असेल. पुढच्या महिन्याच्या सभेत एक खुर्ची त्यांच्यासाठी मांडावी, त्यांना पाव तास द्यावा, आणि त्या पाव तासात आपण कोणीही 'बघू' म्हणू नये, एवढीच माझी मागणी आहे.

या सूचनेला आपण 'करा' म्हणा, किंवा 'नाही, कारण असे' म्हणा. दोन्ही मला मान्य आहे.